पगार ठरलेला, तास मात्र मोकाट: ओव्हरटाइम कुणाला लागू होतो?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

"तुम्ही पगारदार, तुम्हाला कसला ओव्हरटाइम?" नोकरीला लागलेल्या जवळपास प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं, आणि ऐकलं की विषय तिथेच मिटतो. मी बरीच वर्षं पगारपत्रकं आणि नोकरीचे करार बघण्याच्या कामात आहे. हे वाक्य मी एचआरच्या तोंडून ऐकलंय, वरिष्ठांच्या तोंडून ऐकलंय, आणि सगळ्यात जास्त वेळा, ज्यांचं त्यात नुकसान होतं त्यांच्याच तोंडून ऐकलंय. म्हणून हा धागा.

आधी थोडा इतिहास. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पहिला करार झाला, तोच मुळी कामाच्या तासांवर होता: उद्योगांमध्ये दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ आणि त्यावरच्या कामाला निदान सव्वापट दर. त्याच करारात एक अपवादही होता. देखरेख किंवा व्यवस्थापन करणारे आणि मालकाच्या विश्वासातल्या जागी बसलेले लोक या मर्यादेतून वगळले. पुढे देशोदेशीच्या कायद्यांत हा अपवाद वेगवेगळ्या रूपांत आला आणि त्यात डॉक्टर, वकील, इंजिनियर असे व्यावसायिकही आले.

अपवाद का केला असेल? त्यामागचा विचार सरळ होता. या माणसाचं काम तासांत मोजता येत नाही. तो स्वतःच्या डोक्याने निर्णय घेतो, कधी यायचं नि कधी जायचं हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतं, आणि त्याला पगार, सुरक्षितता, मान इतरांपेक्षा जास्त मिळतो. थोडक्यात, तासांचं संरक्षण सोडायचं आणि बदल्यात स्वतःच्या वेळेवर ताबा मिळवायचा, असा तो व्यवहार होता.

अमेरिकेच्या १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्टने हा व्यवहार फार बारकाईने लिहून काढला, म्हणून उदाहरणासाठी तो घेतो. आठवड्याच्या मर्यादेवर (सुरुवातीला ४४ तास, १९४० पासून ४०) दीडपट दर. मालकाला हा जादा दर देण्यातून सूट हवी असेल तर तीन कसोट्या: पगार ठरीव हवा, म्हणजे काम कमी झालं म्हणून कापता येणार नाही असा, तो एका किमान रकमेच्या वर हवा, आणि मुख्य काम खरोखर व्यवस्थापनाचं, प्रशासकीय निर्णयाचं किंवा उच्च शिक्षण लागणारं व्यावसायिक हवं. सर्वसाधारणपणे तिन्ही कसोट्या एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. (डॉक्टर, वकील, शिक्षक यांना पगाराच्या कसोट्या लागत नाहीत, तो वेगळा विषय.) तेलविहिरींवर काम करणाऱ्या एका सुपरवायझरची कमाई वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर होती, तरी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो ओव्हरटाइमला पात्र ठरवला. कारण एवढंच की त्याचे पैसे दिवसाच्या दराने मोजले जात होते, म्हणजे पहिलीच कसोटी पुरी होत नव्हती.

तेव्हा ऑफर लेटरवर महिन्याचा आकडा आणि भारदस्त पदनाम आहे, एवढ्याने काहीच ठरत नाही. ठरतं ते रोज हातून काय काम होतं आणि पैसे कशाच्या बदल्यात दिले जातात यावर.

माझा मुद्दा मात्र याच्या पुढचा आहे. आज ज्यांना "व्यावसायिक" म्हणून सूट लावली जाते त्यांच्यापैकी कितीजणांचा स्वतःच्या वेळेवर ताबा उरलाय? येताना कार्ड पंच करायचं, दोन तास लवकर जायचं तर मेल टाकायची, दिवसभराचं काम सॉफ्टवेअर वाटून देणार, कुठलं काम किती मिनिटांत व्हायला हवं तेही वरून ठरणार. आणि तरी रात्री साडेदहाला मीटिंग लागली की "तुम्ही प्रोफेशनल आहात". सूट राहिली, मोकळीक गेली. व्यवहारातली एक बाजू अशी मोडली असताना दुसरी तशीच चालू ठेवायचा हक्क मालकाला कुठून येतो, हे मला कळत नाही.

आणखी एक. जादा दर हे केवळ थकलेल्या माणसाला दिलेलं बक्षीस नव्हतं. १९३८ साली मंदी होती, बेकारी होती. लांबलेला दिवस मालकाला महाग पडला तर तो आणखी माणसं घेईल, हाही त्यामागे हेतू होता. ज्याच्या एकेचाळिसाव्या तासाला काहीच किंमत पडत नाही, त्याच्या टीममध्ये दुसरा माणूस कशाला घेतील? चार जणांचं काम तिघांवर पडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

तुमचे अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको, पण कामाचं स्वरूप आणि तास कोण ठरवतं ते जरूर लिहा.

---

निशाचर

अगदी मनातलं लिहिलंत. मी सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये आहे. आमच्याकडे आळीपाळीने ऑन-कॉल असतं. फोन आला की पंधरा मिनिटांत लॅपटॉपसमोर बसायचं. फोन नाही आला तर "तू घरीच तर होतास" असं म्हणतात. पण त्या आठवड्यात मी बाहेर जाऊ शकत नाही, सलग झोपू शकत नाही, मुलीला शाळेतून आणायचं कबूल करू शकत नाही. हे तास कोणाचे?

---

उपकलम

निशाचर, या प्रश्नावर युरोपात चांगला निकाल आहे. बेल्जियममधल्या एका स्वयंसेवक अग्निशामकाला स्टँडबायवर असताना आठ मिनिटांत ठाण्यावर पोचायचं बंधन होतं. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की घरी असला तरी तो कामाचाच वेळ, कारण इतक्या आखूड मुदतीत माणूस स्वतःचं दुसरं काही करू शकत नाही. पुढच्या निकालांतही हीच कसोटी आली: मुदत किती आखूड, बोलावणं किती वेळा येतं, आणि त्यामुळे मोकळ्या वेळेवर किती मोठं बंधन पडतं.

एक सावधगिरी. युरोपचा कामाच्या तासांचा निर्देश (२००३ चा) विश्रांती आणि मर्यादा ठरवतो: जादा काम धरून आठवड्याला सरासरी ४८ तास, रोज सलग ११ तास विश्रांती. पैसे किती द्यायचे ते तो ठरवत नाही, ते त्या त्या देशाचा कायदा आणि करार ठरवतो. आणि स्वतःच्या वेळेवर खरोखर ताबा असलेल्या वरिष्ठांना त्यातही सवलत आहे. म्हणजे धागाकर्त्यांनी मांडलेली कसोटी तिथे थेट कायद्याच्या शब्दांत आहे.

---

दुसरी_बाजू

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी टीम सांभाळतो. मी जे काही शिकलो त्यातलं बरंचसं लांबलेल्या संध्याकाळी शिकलो, आणि कोणी बळजबरी केली नव्हती. तास मोजायला लागलो की माणसं घड्याळाकडे बघायला लागतात. एखादा दोन तासांत करतो ते दुसऱ्याला पाच तास लागतात, मग जादा पैसे पाचवाल्याला द्यायचे का? सर्जनने ऑपरेशन अर्धं टाकून उठायचं का? बौद्धिक कामाला कारखान्याचं माप लावलं तर चांगल्या कामाची आवडच मरेल, असं मला मनापासून वाटतं.

---

पाटीपेन्सिल

रागवायचं कारणच नाही, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं.

आवडीने थांबणारा माणूस आणि थांबावं लागणारा माणूस बाहेरून सारखेच दिसतात. फरक ओळखायची माझी एक साधी खूण आहे: तो माणूस उद्या न थांबता निघून गेला तर काय होईल? काहीच होणार नसेल तर ती आवड. मूल्यांकनात "कमिटमेंट कमी" असं लिहून येणार असेल तर ती सक्ती, मग त्याला कोणी तोंडाने हुकूम दिलेला असो वा नसो.

दोन तास विरुद्ध पाच तास, हेही ऐकतो नेहमी. पण प्रत्यक्षात दोन तासांत काम संपवणाऱ्याला घरी सोडतात का? त्याच्यापुढे पाचवाल्याचं उरलेलं काम येतं. तास न मोजण्याचा तोटा सगळ्यात आधी हुशार माणसाला होतो.

आणि जादा तासांतून जादा काम निघतं, हे गृहीतक एकदा तपासून घ्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांच्या उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेंकावेल यांनी त्या नव्याने तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, त्यानंतर वाढ मंदावली, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. ते हाताचं काम होतं हे मान्य. पण थकलेल्या डोक्याने लिहिलेला कोड किंवा तपासलेला हिशेब सकाळी पुन्हा करावा लागतो, हे तुम्हीही बघितलं असेलच.

---

जमाखर्च

मी आकडे मांडतो, कारण भावनेपेक्षा आकड्याने लवकर पटतं.

समजा करार आठवड्याला ४० तासांचा आहे. महिन्याचे सरासरी तास झाले १७३ च्या आसपास. प्रत्यक्षात तुम्ही ५५ तास काम करता, म्हणजे महिन्याला सुमारे २३८. पगार तोच. म्हणजे तासाचा दर ४० भागिले ५५, ठरलेल्या दराच्या ७३ टक्के. तुम्ही न बोलता २७ टक्के कपात मान्य केलीत.

आता बढतीचं गणित. पगार १० टक्क्यांनी वाढला, तास ४० वरून ५० वर गेले. तासाचा दर पूर्वीच्या ८८ टक्के. पार्टी दिलीत, पण दर १२ टक्क्यांनी घसरला.

आणि दीडपटीचा नियम लागू असता तर? वरचे १५ तास २२.५ तासांच्या पैशांइतके झाले असते, म्हणजे आठवड्याच्या पगारावर आणखी ५६ टक्के. हा आकडा एकदा स्वतःच्या पगारावर काढून बघा.

---

पूर्वेकडून

जपानबद्दल लिहितो, कारण तिथे ही गोष्ट माणसं मरेपर्यंत ताणली गेली आणि मग कायदा हलला. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला तिथे स्वतंत्र नाव आहे, करोशी, आणि अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला नुकसानभरपाई मिळण्याची अधिकृत पद्धत आहे.

धाग्याशी थेट जोडलेली गोष्ट म्हणजे "नावापुरते मॅनेजर". जपानच्या कायद्यात व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला ओव्हरटाइम लागत नाही. मग साखळी दुकानांनी प्रत्येक शाखेतल्या एकाला मॅनेजर करून टाकलं. मॅकडोनाल्ड्‌सच्या एका शाखेचा व्यवस्थापक न्यायालयात गेला आणि जानेवारी २००८ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने निकाल दिला की हा माणूस कंपनीच्या धोरणात भाग घेत नाही, स्वतःची वेळ ठरवू शकत नाही, म्हणून तो त्या अर्थाने व्यवस्थापक नाही. कंपनीला सुमारे ७५.५ लाख येन द्यायला सांगितले. त्यानंतर कितीतरी कंपन्यांना पदनामं तपासावी लागली.

पुढे २०१८ च्या सुधारणांनी जादा तासांवर दंडासकट मर्यादा आली: साधारण महिन्याला ४५, वर्षाला ३६०. विशेष परिस्थितीतही वर्षाला ७२० च्या वर नाही आणि कुठल्याही एका महिन्यात १०० तासांच्या आतच. मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून, लहानांना २०२० पासून. डॉक्टर, ट्रकचालक आणि बांधकाम यांना मात्र २०२४ पर्यंत थांबावं लागलं, आणि डॉक्टरांची मर्यादा आजही इतरांपेक्षा सैल आहे. ज्यांच्या थकव्याने इतरांचा जीव जाऊ शकतो, त्यांनाच शेवटी संरक्षण मिळावं याचं मला फार वाईट वाटतं.

---

रात्रीचा_राउंड

वरच्या शेवटच्या वाक्यासाठी आभार. मी डॉक्टर आहे, म्हणून आरोग्याचं लिहिते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. २०१६ या एका वर्षात लांब तासांमुळे पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज त्यात आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना करता, ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त.

जमाखर्च यांनी उदाहरणात घेतलेला आकडा ५५ आहे, तो पुन्हा एकदा बघा.

मला सगळ्यात जास्त छळतं ते हे, की नुकसान लगेच दिसत नाही. पस्तिशीतला माणूस वर्षानुवर्षं चार-पाच तास झोपतो आणि "मला सवय आहे" म्हणतो. रक्तदाब वाढलेला असतो आणि तो तपासायला त्याला वेळ नसतो. मी अशा लोकांना हात जोडून सांगते की अपॉइंटमेंट ही मीटिंगइतकीच पक्की धरा.

---

साधा_प्रश्न

सगळं वाचतोय. भारतात मग पगारदार व्यावसायिकाला ओव्हरटाइम मिळतो की नाही? एका वाक्यात सांगा कोणीतरी.

---

उपकलम

एका वाक्यात बसणार नाही, पण आटोपशीर सांगते.

१९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर होता. दुकाने व आस्थापनांचे राज्यांचे कायदे वेगळे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातही दर दुप्पटच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही जादा कामाचा दर किमान दुप्पट ठेवलाय.

खरा कळीचा मुद्दा "कामगार" कोण हा. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा त्यातून बाहेर, आणि ठरावीक मर्यादेवर पगार घेणारा पर्यवेक्षकही बाहेर (१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही मर्यादा शेवटी १०,००० रुपये होती, संहितांत १८,०००). पण तांत्रिक, कुशल किंवा कारकुनी काम करणाऱ्याला त्या व्याख्येत पगाराची मर्यादा नाही. बहुतेक लोक इथेच फसतात. पगार जास्त म्हणजे कामगार नाही, असं सगळ्यांनी धरून चाललंय. न्यायालयं मुख्य काम काय ते बघतात, पदनाम बघत नाहीत. सही करायचा, रजा मंजूर करायचा, माणूस नेमायचा अधिकार तुमच्याकडे आहे का? नसेल तर "असोसिएट मॅनेजर" ही नुसती पाटी असू शकते. उलट, शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलंय. त्यामुळे स्वतःचं काम कागदावर लिहून वकिलाला दाखवा.

---

मधलीसुट्टी

"ज्याला करायचंय त्याने करावं, कोणी अडवलंय" हे दुसरी_बाजू यांच्यासारखे सज्जन लोकही म्हणतात, म्हणून लिहिते. दहाजणांच्या टीममध्ये दोघं रात्री अकरापर्यंत ऑनलाइन राहिले की उरलेल्या आठांची निवड संपते. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील आहेत ते या शर्यतीत उतरूच शकत नाहीत, आणि त्यांत बायका जास्त असतात. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामाचा एक मोठा भाग हाच आहे: कायदा, वित्त अशा क्षेत्रांत जो कधीही हजर राहू शकतो त्याला प्रमाणाबाहेर जास्त पैसे मिळतात, आणि घरातल्या दोघांपैकी एकाला मग मागे राहावं लागतं.

माझ्या आधीच्या एका नोकरीत बढतीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "रात्री उपलब्ध असाल ना?" कामाबद्दल एकही प्रश्न नव्हता. मी नाही म्हटलं आणि बढती दुसऱ्याला गेली. त्या "नाही"चं मला आजही वाईट वाटत नाही, पण तो प्रश्न कुणालाच विचारला जाऊ नये असं वाटतं.

---

दुसरी_बाजू

मधलीसुट्टी, हे वाचून थांबलो. असा प्रश्न मी कोणाला विचारत नाही, पण रात्री अकराला मेल पाठवतो हे खरं. ती वाचलीच पाहिजे असं माझं म्हणणं नसतं. सर्जनचा मुद्दा अजून सोडवत नाही मला.

---

पाटीपेन्सिल

सर्जनने ऑपरेशन पुरं करावंच. प्रश्न त्यानंतर त्याला ११ तास विश्रांती मिळते का, हा आहे. आणि मेलबद्दल म्हणाल तर फ्रान्सने २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या संपर्काबद्दल वाटाघाटी करायला लावल्या. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून, अवाजवी नसेल तोवर, असा संपर्क न घेण्याचा हक्कच दिला. तुमची मेल सकाळी नऊला जाईल अशी वेळ लावून ठेवता येते, त्याला कायदाही लागत नाही.

सूट लागू होण्यासाठी लागणाऱ्या किमान पगाराच्या रकमेबद्दल दोनजणांनी निरोपातून विचारलं, म्हणून इथेच लिहितो. अमेरिकेतली ही किमान रक्कम १९७५ नंतर थेट २००४ मध्ये बदलली आणि आठवड्याला ४५५ डॉलर झाली. २०१६ मध्ये ती ९१३ करायचा नियम टेक्सासच्या न्यायालयाने अडवला. २०२० पासून ६८४ झाली. २०२४ मध्ये आधी ८४४ आणि मग १,१२८ करायचं ठरलं, नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तेही रद्द केलं, पुन्हा ६८४. महागाई वाढत जाते आणि रक्कम जागेवर राहते, तसतसे कमी पगाराचे लोकही आपोआप ओव्हरटाइममधून वगळलेल्यांत ओढले जातात. कायद्याचा शब्दही न बदलता संरक्षण काढून घ्यायची ही पद्धत मला सगळ्यात अन्यायाची वाटते.

---

निशाचर

मग आत्ता, या आठवड्यात, मी काय करू? नोकरी सोडायची नाहीये.

---

पाटीपेन्सिल

नोंद ठेवा. रोज सुरू कधी केलं, थांबलात कधी, मधे विश्रांती किती, आणि जादा काम कोणाच्या सांगण्यावरून. त्याच दिवशी लिहा, महिनाअखेरीला आठवून लिहू नका. ऑन-कॉलचे तास वेगळ्या रकान्यात, आणि प्रत्यक्ष फोन किती वाजता आला तेही. कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःकडे घेऊ नका, फक्त वेळा लिहा.

याला वजन आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्येच सांगितलं की मालकाने नोंदी ठेवल्या नसतील तर कामगाराने दिलेला वाजवी अंदाज पुरावा म्हणून चालेल. तो खोडून काढायची जबाबदारी मालकाची. युरोपीय न्यायालयाने मे २०१९ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की रोजचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, भरवशाची यंत्रणा मालकाने उभी केलीच पाहिजे, कारण मोजल्याशिवाय मर्यादा पाळली गेली की नाही हे कळणारच नाही.

दोन-तीन महिन्यांची नोंद झाली की टीममधल्या आणखी दोघा-तिघांची सोबत घ्या. एकट्याने मांडलं की ती तक्रार ठरते, चौघांच्या वेळा एका तक्त्यात आल्या की माणूसबळाचा प्रश्न ठरतो. आणि सुरुवातीलाच पैसे मागू नका. आधी मागा रात्रीच्या फोननंतर उशिरा यायची मुभा, ती मिळणं सोपं असतं.

---

साधा_प्रश्न

पैशांऐवजी कॉम्प-ऑफ (जादा कामाच्या बदल्यात सुट्टी) देतात ते चालतं का? आमच्याकडे देतात, पण घ्यायला गेलं की "सध्या रिलीज आहे" म्हणतात.

---

उपकलम

देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत सूट नसलेल्या खासगी कर्मचाऱ्याला ओव्हरटाइमच्या पैशांऐवजी नुसती बदली सुट्टी देणं चालत नाही. सरकारी नोकरांना देता येते, तीही एका तासाला दीड तास. बाकी ठिकाणी करारात काय लिहिलंय ते बघा, विशेषतः तीन गोष्टी: एका तासाला किती तास मिळतात, किती दिवसांत वापरायचे, आणि वापरू दिले नाहीत तर पैसे मिळतात का. तिसरं कलम नसेल तर शिल्लक कॉम्प-ऑफचा आकडा दर महिन्याला एचआरला मेलवर कळवत राहा आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख निशाचर यांच्या तक्त्यासारखीच लिहून ठेवा.